बिऱ्हाड टेकले, पारा चढला

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणालाही ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ असे विचारावे. उत्तरात सोलापूर येण्याची शक्यता कमीच. कुणी करीमनगर सांगतो, कुणी वरंगळ, कुणी नलगोंडा. कुणाचे खेडे अक्कलकोटच्या पलीकडे कानडी मुलखात, तर कुणाचे तुळजापूर-नळदुर्गाच्या बाजूला. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती आणि पेठेला लागून असलेला सोलापूरचा सारा पूर्वभाग हा अशा कुठून कुठून आलेल्या माणसांनी वसवलेला आहे. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आणि १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ हे दोन्ही एकाच काळातले. तेलंगणातले पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने इकडे येत राहिले. मागाचा खड्डा खणला, त्याच्याशेजारी चूल मांडली आणि ते सोलापूरकर झाले. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले. घरातल्या बायका विड्या वळू लागल्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघू लागला. आज या भागातून फिरताना कुणाला ‘निर्वासित’ म्हणण्याचे मनातही येणार नाही.

बँकेत मी सदतीस वर्षे काढली. त्यातली काही वर्षे याच भागातल्या शाखेत गेली. खाते उघडण्याच्या अर्जात ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने असत. चाळीस-चाळीस वर्षे सोलापुरात राहिलेली माणसे कायमच्या पत्त्यात न चुकता जुन्या गावाचे नाव घालत. ज्या गावात आता घर नाही, शेत नाही, हाक मारील असे माणूस नाही, ते गाव कायमचे. आणि जिथे लग्ने, बाळंतपणे, मर्तिके झाली ते सध्याचे! एका म्हाताऱ्या विणकराला मी याबद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, सध्या हितं हाव की. कायमचं कोण सांगावं?’’

हे सगळे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. या भागातल्या माझ्या ओळखीच्या घरांत, जरा वय झालेल्या माणसांच्या उशाशी, हमखास एक वस्तू दिसते: रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. आणि जिथे ती दिसत नाही, तिथे पुष्कळदा रक्तदाब नसतो असे नाही. तो मोजलेला नसतो.

आमच्या वाड्यात एक आजीबाई राहत. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने तुळजापूर तालुक्यातले राहते घर सोडून, कडेवर एक पोर आणि डोक्यावर एक गाठोडे घेऊन त्या सोलापुरात आल्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुष्कळ कुटुंबे परत गेली. या आजी गेल्या नाहीत. धुणीभांडी केली, शेवया वळून विकल्या, पोरे शिकवली. मुलांना नोकऱ्या लागल्या, पक्के घर झाले, नातवंडे झाली. आणि एके दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब कित्येक वर्षांपासून चढलेला असणार. तेव्हा त्यांच्या थोरल्या सूनबाईंनी एक साधा प्रश्न विचारला : ‘‘एवढ्या हालअपेष्टांत काही झालं नाही हो, आता सुखाच्या दिवसांत कसं झालं?’’

हा प्रश्न एका घरापुरता नाही. जगभरच्या डॉक्टरांनी तो वेगवेगळ्या भाषांत स्वतःला विचारला आहे. २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या माणसांची संख्या, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबाने, १२ कोटी ३२ लाख होती. ही माणसे कुठे तरी पोचतात. मग त्यांना तंबू मिळतो, पुढे खोली मिळते, कार्ड मिळते. क्षयाची तपासणी होते, लशी टोचल्या जातात. ते व्हायलाच हवे. पण साथीचे रोग आटोक्यात आले, घराला दार-कडी बसली की आपण म्हणतो, झाले यांचे पुनर्वसन. रक्तदाबाचा हिशेब नेमका तिथून पुढे सुरू होतो, असे अनुभव सांगतो.

सुटका झाल्यानंतर

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी लेनिनग्राड शहराला वेढा घातला. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ एवढा काळ तो टिकला. पहिल्या हिवाळ्यात माणसे उपासमारीने रस्त्यात पडत होती. त्या काळात तिथल्या डॉक्टरांना रुग्णांचे रक्तदाब खाली गेलेले आढळत. उपाशी, वाळलेल्या शरीरात दाब कुठून येणार? पण पुढे अन्नपुरवठा सुधारू लागला, माणसे जरा जेवू लागली, आणि रुग्णालयांत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची रीघ लागली. पूर्वी कधी नव्हता एवढा हा विकार वाढला. भुकेने झाकून ठेवलेले दुखणे घास मिळाल्यावर उघडे पडले. सूनबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे शरीराच्या कारभारात आहे. धोका दिसला की हृदय जोराने धावू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतात. पळून जायचे असेल तर हे सगळे उपयोगाचे. वाघ गेला की शरीराने पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना. पण निर्वासिताचा वाघ जात नाही. तो रूप बदलतो. आज घरभाड्याचा होतो, उद्या मुलाच्या शाळेच्या दाखल्याचा, परवा न कळणाऱ्या भाषेतल्या अर्जाचा. वर्षानुवर्षे ताणलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होत जातात, आणि मग तात्पुरता चढलेला पारा वरच मुक्काम करतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज संकटाच्या दिवशी उचललेले असते. व्याज मात्र नंतरच्या स्वस्थ दिवसांत चढत जाते. आणि या खात्याची नोटीस येत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक लागते, काम होते. पहिली नोटीस आली तर ती एकदम अर्धांगवायूची किंवा निकामी झालेल्या मूत्रपिंडांचीच.

यात स्थलांतराचा वाटा किती, हे केनियातल्या एका अभ्यासाने फार नेटकेपणाने दाखवले. तिथल्या पश्चिम भागातली लुओ जमातीची माणसे कामधंद्यासाठी नैरोबीला जातात. संशोधकांनी गावी राहिलेल्यांचे आणि शहरात गेलेल्यांचे रक्तदाब मोजले. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहरात गेलेल्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षांनी नव्हे, काही महिन्यांतच वाढलेला दिसला. त्यांच्या लघवीत मिठातले सोडियम वाढले होते, भाज्या-फळांतून येणारे पोटॅशियम घटले होते आणि नाडीही जलद चालत होती. म्हणजे ताट बदलले आणि मनावरचा ताणही बदलला. दोहोंनी मिळून काम केले.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ या चिमुकल्या बेटांचे. १९६६ साली तिथे वादळ झाले आणि न्यूझीलंड सरकारने काही कुटुंबांना आपल्या देशात नेऊन वसवले. कागदोपत्री हे आदर्श पुनर्वसन होते. घरे होती, नोकऱ्या होत्या, छळ करणारे कुणी नव्हते. तरीही बेटावर राहिलेल्यांपेक्षा न्यूझीलंडला गेलेल्यांचे रक्तदाब चढे निघाले. त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जी माणसे आपल्या लोकांत मिळून-मिसळून राहत होती त्यांचा रक्तदाब कमी होता. जी परक्या समाजाच्या रीतींशी अधिक जुळवून घेत होती त्यांचा जास्त होता. मार्कंडेयाच्या रथाची दोरी ओढण्यात रक्तदाबाचेही काही औषध असेल, असे म्हटले तर डॉक्टरमंडळी हसतील. पण फार मोठ्याने हसणार नाहीत.

सामानात बांधून आणलेले

सगळा दोष नव्या जागेचा, असेही मात्र नाही. काही गोष्टी माणूस सामानात बांधून आणतो.

विदर्भात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ प्रतापगडच्या परिसरात ‘नॉर्ग्येलिंग’ नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्यांसाठी ती १९७२ साली वसवली गेली. जगाच्या छपरावरची माणसे आणि पूर्व विदर्भाचा उन्हाळा! शेती करायची आणि थंडीच्या हंगामात शहरोशहरी स्वेटर विकायला जायचे, हा त्यांचा क्रम. थंडीत फुटपाथवर स्वेटरांचे ढीग मांडून शांतपणे बसलेली ही मंडळी आपण पाहिलेली असतात. त्यांच्याशी भाव करताना, हा माणूस कोणत्या हवेतून कोणत्या हवेत येऊन पडला आहे, हा विचार आपल्या मनात येत नाही.

तिबेटी माणसाचा चहा आपल्यासारखा गोड नसतो. त्यात लोणी आणि मीठ घालून तो घुसळतात आणि दिवसभर कपावर कप पितात. बर्फाळ, कोरड्या पठारावर अंगात ऊब आणि बळ टिकवणारे ते पेय. परंतु तिबेटच्या पठारावरच झालेल्या पाहण्यांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे आढळले आहे आणि या खारट चहाकडे त्याचे एक कारण म्हणून बोट दाखवले जाते. आता तोच चहा निर्वासिताबरोबर खाली उतरला. अशा माणसाला ‘चहा सोडा’ म्हणणे सोपे. पण देश गेला, हवा गेली, शेजार गेला, उरला तो हा एक कप. तो काढून घेताना डॉक्टरचाही हात जड व्हायला हवा. मीठ निम्मे करा, कप निम्मे करा, असे म्हणावे.

आपल्याकडे काय वेगळे आहे? भवानी पेठेतल्या ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आंबाडीचे किंवा कैरीचे लोणचे, वर एक तळलेला पापड. विणकराला आणि विडी वळणाऱ्या बाईला हे जेवण परवडते, कारण त्याला भाजी कमी लागते आणि ते टिकते. गरिबाच्या ताटात चव आणण्याचे सर्वांत स्वस्त साधन मीठ हेच असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, चटणी, फरसाण सगळे आले. आपण सरासरीने त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. शेतात घाम गाळणाऱ्या आजोबांना जे मीठ पचत होते, ते मांडी घालून दिवसभर हजार विड्यांचा हिशेब पुरा करणाऱ्या नातसुनेला पचेलच असे नाही.

धक्का ओसरतो, पण...

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली आणि जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे माप जमिनीच्या मापावर ठरले : २५० चौरस फूट, ४०० चौरस फूट, ७५० चौरस फूट. त्या पट्ट्यातल्या एका शाखेत मी काही काळ होतो. मदतीच्या रकमा खात्यांत जमा होत. पैसे काढायला आलेली माणसे स्लिपवर अंगठा उठवताना नोटांकडे बघतसुद्धा नसत.

नव्या गावात रस्ते रुंद होते, घरे ओळीने होती, डोक्यावरचे छप्पर भक्कम होते. पण जुन्या गावात एका घराच्या ओट्यावरून दुसऱ्या घराच्या ओट्यावरचे बोलणे ऐकू येई. इथे मधला रस्ताच एवढा, की शेजाऱ्याला हाक मारायची तर घसा ताणावा लागे. काही म्हातारे सकाळी काठी टेकत जुन्या गावठाणात जाऊन, ढिगाऱ्यापाशी बसून, उन्हे चढल्यावर परत येत. भक्कम छपराखाली झोपायला माणसे तयार नसत. बाहेर बाजा टाकत आणि पहाटे चारच्या सुमारास कुणी न उठवता जागी होत. एक शेतकरी मला म्हणाला, ‘‘साहेब, घड्याळ न्हाई माझ्याकडं. पर चारला डोळा उघडतोय म्हंजे उघडतोयच. छातीत मळणीयंत्र चालू झाल्यागत हुतंय.’’ तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. त्याला वाटत होते, ही भूकंपाची भीती आहे, जाईल हळूहळू. ती अडीच वर्षे गेली नव्हती.

भीती जाते की राहते, याचे उत्तर जपानने शोधले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहराच्या परिसरात मोठा भूकंप झाला. तिथल्या डॉक्टरांकडे आधीपासून उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी होत्या. भूकंपानंतर रक्तदाब उसळले. पण बहुतेकांचे काही आठवड्यांत खाली आले. मूत्रपिंडे आधीच नाजूक असलेल्यांचे मात्र लांबले. मग ११ मार्च २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीची दुर्घटना. त्या भागातून हजारो लोकांना घरे सोडून दूर राहावे लागले. पुढची काही वर्षे त्यांची आणि घरीच राहिलेल्यांची आरोग्यतपासणी होत राहिली. घर सोडावे लागलेल्यांत उच्च रक्तदाब अधिक प्रमाणात निर्माण झालेला दिसला. कोबे आणि फुकुशिमा शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. धक्का ओसरतो, विस्थापन ओसरत नाही.

आणि घर न सोडताही माणूस विस्थापित होतो, हे सोलापूरइतके कुणाला ठाऊक? १९६३ साली जुनी मिल बंद पडली. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा थांबला. त्याच पेठेत, त्याच खोलीत राहणारा माणूस सकाळी उठून जायचे कुठे, या प्रश्नाशी येऊन थांबला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बंद होणाऱ्या दोन कारखान्यांतल्या कामगारांचा असाच अभ्यास झाला होता. तो १९७० साली प्रसिद्ध झाला. परिचारिका त्यांच्या घरी जाऊन रक्तदाब मोजत. कारखाना बंद होणार ही कुणकुण लागली तेव्हाच, पगार चालू असतानाच, पारा वर गेला. बेकारीच्या काळात तो वरच राहिला. आणि पुन्हा काम मिळून बस्तान बसल्यावर तो खाली आला. यातले शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. बस्तान खरोखर बसले, तर शरीरालाही ते कळते.

कार्ड बदलते, गोळी राहून जाते

आता पुन्हा भवानी पेठेत येऊ. कारण इथली माणसे आजही नव्याने वसत आहेत. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिच्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ‘रे नगर’ हा तीस हजार घरांचा प्रकल्प आकाराला आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईच्या हाती स्वतःच्या घराची किल्ली येणे ही लहान गोष्ट नव्हे. चळवळ करून, मोर्चे काढून मिळवलेली ही घरे आहेत. त्यांचा आनंद मी कमी लेखत नाही.

पण घर बदलताना काय काय होते, ते पाहा. रेशनकार्डावरचा पत्ता बदलतो. मतदारयादीतले नाव बदलते. गॅसचे पुस्तक, वीजमीटर, मुलांचे दाखले, सगळ्याची बदली होते. पेठेतल्या ज्या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी चालू होती, त्या दवाखान्याची बदली होत नाही. माझ्या माहितीतल्या एका विडी कामगार बाईंनी नव्या घरात गेल्यावर चार महिने गोळी घेतली नव्हती. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘दवाखाना तिकडं ऱ्हायला की अण्णा. बसला पैसे, वर अर्धा रोज बुडतोय. आन्‌ मला तर काय होईना. चक्कर आली तर बीपी, चक्कर न्हाई तर कशाचं बीपी?’’ त्या एका उत्तरात अंतर, मजुरी आणि या रोगाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज, तिन्ही आले. नवीन घर, स्वच्छ हवा, हप्ता चालू, आणि पारा आपला हळूहळू वर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांमागे २४ जणांना आणि शंभर स्त्रियांमागे २१ जणींना उच्च रक्तदाब होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. म्हणजे हा काही फक्त उठून आलेल्यांचा रोग नाही. तो घरोघरी आहे. उठून आलेल्यांचे वैशिष्ट्य एवढेच, की त्यांच्यात तो वाढवणाऱ्या गोष्टी एकत्र येतात आणि तो सांभाळणाऱ्या गोष्टी एकदम तुटतात. ओळखीचा डॉक्टर, ओळखीची भाषा, गोळीची आठवण करून देणारी शेजारीण, हे सारे एका टेम्पोच्या फेरीत मागे राहते.

आणि उपाय काही आभाळातले नाहीत. २०१७ पासून देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्याची पद्धत अगदी हिशेबी आहे. ठरावीक दोन-तीन स्वस्त औषधे, ठरावीक क्रमाने. दंडाला पट्टा बांधायला डॉक्टरच हवा असे नाही, परिचारिकाही ते करते. गोळ्या एकदम महिन्याभराच्या द्यायच्या. प्रत्येकाची नोंद ठेवायची. आणि आला नाही तर फोन करायचा. थकबाकीदाराच्या दारात बँकेचा माणूस जातो, तसा गोळी चुकवणाऱ्याच्या दारात आरोग्यसेवक गेला पाहिजे, इतकी ही साधी कल्पना आहे. जिथे जिथे नवी वस्ती उभी राहते, मग ती धरणग्रस्तांची असो, निर्वासितांची असो की कामगारांची, तिथे किल्ली देण्याच्या यादीबरोबर रक्तदाबाचीही यादी तयार व्हावी, एवढेच माझे मागणे आहे. किल्ली देताना सही घेतात. त्याच टेबलावर दंडाला पट्टा बांधायला पाच मिनिटे लागतात. आणि वर्षभराने तीच यादी घेऊन पुन्हा त्याच दारात जावे, कारण पारा चढतो तो या वर्षभरात. सांगणारा तेलुगू बोलणारा असेल, कानडी बोलणारा असेल, तर निम्मे काम तिथेच झाले.

घरच्या घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. हात हृदयाच्या उंचीवर असावा. दोनदा मोजावे. पुन्हा पुन्हा मोजून आकडा १४० आणि ९० च्या वर राहत असेल तर डॉक्टरांकडे जावे; चक्कर येण्याची वाट पाहू नये. गोळी सुरू झाली की बरे वाटते म्हणून बंद करू नये. ती चालू आहे म्हणूनच आकडा बरा आहे. लोणच्याची फोड ताटातून एकदम हद्दपार करू नका, पण लहान करा. भाकरीच्या पिठातले मीठ हळूहळू कमी करा, महिन्याभरात जीभ विसरते. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेले मीठही बाजारात मिळते. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला. २०२१ साली निष्कर्ष आले, तेव्हा ते खाणाऱ्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक काम डॉक्टर करू शकत नाहीत, आपण करू शकतो. आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत, आपल्या गावाच्या कडेला अधूनमधून कुणी तरी नवे बिऱ्हाड येते. कुणी पुरातून उठून आलेले, कुणी दुष्काळातून, कुणी धरणाच्या पाण्यातून, कुणी बंद पडलेल्या कारखान्यामागून. आपण त्यांना पाण्याची वेळ सांगतो, वाण्याचे दुकान दाखवतो. त्याबरोबर जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे आणि तिथे रक्तदाब फुकट मोजतात, हेही सांगावे. त्यांच्यात कुणी वडीलधारे असतील तर ‘गोळी चालू आहे ना?’ असे एकदा विचारावे, आणि पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जाऊन यावे. तिथल्या खिडकीवर नाव-पत्ता लिहून घेतात. त्यांनी जुन्या गावाचे नाव सांगितले तर सांगू द्यावे. नव्या घराचा क्रमांक आपण शेजारी उभे राहून सांगावा.